रक्ताचं ना लग्नाचं

आमच्या काकाजींना साठ-एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकही परका माणूस भेटलेला नाही. 'सगळे आपलेच' हे वाक्य लग्नाच्या मांडवात आणि निवडणुकीच्या सभेत फुकट वाटलं जातं, त्यातला हा प्रकार नव्हे. काकाजी कुणाला मोघम 'आपला' म्हणत नसत. नक्की कोण लागतो ते ठरवत, आणि एकदा ठरवलं की त्यात बदल नाही. हॅनोव्हरच्या आमच्या वस्तीतल्या औषधाच्या दुकानात एक उंच, कपाळाला कायम आठी घातलेली बाई बसते, ती त्यांची वहिनी. कोपऱ्यावरचा तुर्की भाजीवाला मामा. आमच्या इमारतीचा हाउसमाइस्टर, म्हणजे जिन्यातले दिवे बदलणारा आणि कचऱ्याच्या डब्यांवरून सगळ्यांना दम भरणारा राखणदार, तो साडू. साडूच का, भाऊ का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भावासंगं एवढं भांडण शोभत नाही बाप्पा. साडूसंगं चालते." दुसऱ्या मजल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक जर्मन बाई राहतात, त्या आत्या. जिन्यात भेटल्या की काकाजी हात जोडून "आत्या" म्हणत, आणि हा भारतातला नमस्कार असावा अशा समजुतीने त्याही तितक्याच अदबीने हात जोडून "आत्या" म्हणत. काकाजींनी ही समजूत कधी दुरुस्त केली नाही.

नातं जोडलं की नात्याचे रुसवेफुगवेही आलेच. मामाच्या मुलीचं लग्न झालं आणि काकाजींना बोलावणं आलं नाही. मामाच्या मते बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो त्यांना आठवड्यातून दोनदा मेथी आणि कोथिंबीर विकत होता, एवढाच संबंध. काकाजी तीन आठवडे त्याच्या दुकानासमोरून मान वळवून जात राहिले. मेथीशिवाय राहिले, पण वळले नाहीत. शेवटी तो बिचारा एका संध्याकाळी मिठाईचं तबक घेऊन दारात उभा राहिला. आपण नेमकी कशाची माफी मागतो आहोत हे त्याला कळलेलं नव्हतं, पण मागितली. काकाजींनी त्याला बसवून घेतलं, नागपुरी तर्री-पोहे खायला घातले आणि डोळ्यांतून पाणी काढून परत पाठवलं. ते पाणी मायेचं की तर्रीचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकाजी मूळचे नागपूरचे, आणि अस्सल. हॅनोव्हरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं जुळारी म्हणून काम केलं. पत्नी गेली, मूलबाळ नव्हतं. मग त्यांचा विभाग दुसऱ्या देशात गेला आणि काकाजी घरी आले. बेकारीचा विमा संपला, तेव्हा सरकारी भत्त्यावर राहणं नशिबी आलं. त्याच सुमारास सरकारने त्या भत्त्याचं नावही बदलायचं ठरवलं आणि नियमही आवळले. एक दिवस पत्र आलं की एकट्या माणसाला तीन खोल्या जास्त होतात, भाडंही मर्यादेबाहेर आहे, तरी सहा महिन्यांत घराचा खर्च खाली आणावा. सरळ भाषेत सांगायचं तर घर सोडावं. इथे लहान घर मिळणं म्हणजे वाळू रगडून तेल काढणं. जी दोनचार होती ती ट्रामच्या शेवटच्या थांब्याच्याही पलीकडे. काकाजींचे सगळे नातेवाईक तीन थांब्यांच्या आत राहत होते. सामान टेम्पोत घालून नेता येतं, वहिनी आणि आत्या कशा नेणार? या वयात नवी माणसं जोडत बसण्याची त्यांना भीती वाटत होती. ते तसं म्हणाले नाहीत, पण त्या दिवसांत रोज त्या पत्राची घडी उघडून पुन्हा घालत, असं मला आत्यांनी पुढे सांगितलं.

इथली एक गंमत सांगण्यासारखी आहे. घरभाड्याचा भाग शहराच्या तिजोरीतून जातो, त्यामुळे 'घर लहान करा' हे पत्रही शहराच्या वतीने येतं, आणि ते पत्र घेऊन डोकं धरून बसायला जायचं ठिकाणही शहरच चालवतं. त्याला सोत्सिआलबेराटुंग म्हणतात. अडल्यानडल्या रहिवाशाला फुकट सल्ला देणारी खोली, वस्तीच्या कार्यालयात, दर मंगळवारी सकाळी. नियम बदलल्यापासून तिथे रांग दारापर्यंत येत असे. काकाजी दोन तास उभे राहिले. आतली बाई पस्तिशीची, शांत, पेन्सिलीने लिहिणारी. तिने पत्र वाचलं आणि विचारलं की एक खोली भाड्याने देता येईल का. घराच्या मालक कंपनीची परवानगी घ्या, रीतसर करार करा, भाडेकरूचं भाडं वजा झालं की तुमचा हिस्सा मर्यादेत बसेल आणि घर सोडावं लागणार नाही. काकाजींनी तिला तिथल्या तिथे सून करून टाकलं, आणि तसं जर्मनमध्ये सांगितलंही. ती म्हणाली, ठीक आहे, पण कृपा करून हे कुठल्या फॉर्मवर लिहू नका. हा सल्ला काकाजींनी फक्त तिच्यापुरताच घेतला, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

त्या खोलीत भाडेकरू म्हणून आलो तो मी. विद्यापीठात पवनचक्कीच्या पात्यांवर संशोधन करणारा, अर्ध्या पगाराचा, आडनावाने आपटे आणि गावाने पुणेकर. सरकारी दृष्टीने माझ्याइतका लायक भाडेकरू शोधून सापडला नसता. दुधाच्या बाटलीवर नाव लिहायची मला घरची सवय. फ्रिजमधला आपला कप्पा, आपलं मीठ, आपली किटली, आणि दुपारी एक ते चार कुणी दार वाजवू नये ही अपेक्षा. करारावर सही करून मी बॅगा ठेवल्या, आणि दहा मिनिटांत काकाजींनी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीची बशी पुढे ठेवून जाहीर केलं की मी त्यांचा पुतण्या. मी म्हटलं, अहो, मी जेवणाचं वेगळं बघणार आहे. ते म्हणाले, "पाहून घे ना. जेवल्यावर पाहू." पुढचे तीन महिने मला माझी किटली कुठे आहे हे आठवायचीही गरज पडली नाही. माझं वजन वाढलं आणि पुणेरीपण उतरलं. रविवारी तर्री-पोह्यांची हाक आली नाही तर मी अस्वस्थ होऊ लागलो, हे मी आईला फोनवर कधीही सांगितलं नाही.

मग जॉबसेंटरचा, म्हणजे भत्ता देणाऱ्या कार्यालयाचा, फॉर्म आला. घरात आणखी कोण राहतं? काकाजींनी माझं नाव लिहिलं. तुमचं नातं काय? 'पुतण्या.' घरखर्च आणि स्वयंपाक एकत्र आहे का? 'होय, अर्थातच.' त्यातलं 'अर्थातच' त्यांनी स्वतःच्या मनाने जोडलं होतं. मला विचारायची त्यांना गरज वाटली नाही, आणि मी त्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या पवनबोगद्यात मुक्कामाला होतो. तीन आठवड्यांनी जाड लिफाफा आला. भाषा थंड आणि स्वच्छ होती. मिळवता पुतण्या घरात राहतो आणि एका चुलीवर जेवतो, त्याअर्थी तो काकांना पोसतो असं कार्यालय गृहीत धरतं. पुतण्याच्या पगाराची कागदपत्रं पाठवावीत. नातेवाईक म्हटल्यावर भाडेकराराचीही फेरतपासणी होईल. उलट काही म्हणणं असेल तर तीन आठवड्यांत लेखी पुराव्यासह कळवावं.

काकाजींना राग आला तो भलत्याच गोष्टीचा. "तू मले पोसतो म्हणते हे कार्यालय. पोसून कोण राहिलं कोणाले?" मी मात्र ते पत्र अकरा वेळा वाचलं. करार फेटाळला गेला तर भाड्याची मर्यादा पुन्हा ओलांडली जाणार, आणि पहिल्या पत्राच्या सहा महिन्यांतले जेमतेम सहा आठवडे उरले होते. मला दुसरी खोली मिळाली असती, न मिळाली तर प्रयोगशाळेत झोपलो असतो. काकाजी मात्र घरातून गेले असते, आणि तेही माझ्या नावामुळे. त्या दिवसापासून पोस्टमनची सायकल दिसली की मी हातातलं काम टाकायचो. पोस्टमन काकाजींचा जावई होता, त्यामुळे ते त्याला आधी थांबवून पाणी विचारत आणि मग पत्रं घेत. तेवढा वेळ मी खिडकीत उभा राहून लिफाफ्यांचे रंग बघत असे.

मंगळवारी मीही रांगेत उभा राहिलो. बाईंनी दोन्ही पत्रं वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली. "हे आपटे खरंच तुमचे पुतणे आहेत?" तिने विचारलं. काकाजी म्हणाले, हो. मी म्हटलं, नाही. तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. सगळा उलगडा व्हायला वीस मिनिटं लागली. बाहेरची रांग कुरकुरायला लागली, पण ती बाई हसली नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. मग तिने उपाय सांगितला. काकाजींनी एक निवेदन लिहून द्यायचं: श्री. आपटे यांच्याशी माझं रक्ताचं किंवा लग्नाचं कोणतंही नातं नाही, आमचा स्वयंपाक आणि घरखर्च वेगळा आहे. फॉर्ममध्ये चूक झाली. खाली सही. आणि लिहिलं तसं वागायचंही, कारण बघायला माणसं घरी येऊ शकतात. मजकूर तिने स्वतः टंकून दिला. दोन ओळींचा कागद, सही केली की काम झालं. मी लगेच पेन पुढे केलं. काकाजींनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, घरी जाऊन पाहतो.

घरी जाऊन त्यांनी काहीच पाहिलं नाही. कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला आणि दिवस जाऊ लागले. मी सकाळी आठवण करायचो, संध्याकाळी चिडायचो. काकाजी रोज सकाळी पंचशील म्हणतात, त्यात खोटं न बोलण्याचं शील आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की त्या कागदावर खोटं लिहिलंय. मी म्हणायचो, काकाजी, खोटं ते होतं जे तुम्ही आधी लिहिलंत, हे तर खरं आहे. ते शांतपणे म्हणत, "नाही. ते खरं होतं." तर्कशास्त्रात पुणेकर सहसा हरत नाही, पण समोरचा मैदानातच उतरला नाही तर जिंकणार कसा? आठवडा गेला. मी खोली सोडून जायची तयारी दाखवली. त्याने प्रश्न सुटणार नव्हता, भाडेकरू गेला की घरही गेलं. मी धमकी म्हणून बोललो होतो. त्यांनी जेवताना माझ्या ताटात जास्तीची पोळी टाकली आणि विषय संपवला.

मुदतीला चार दिवस उरले तेव्हा माझा तोल गेला. तुम्हाला घर हवंय की नकोय, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. काकाजी कांदा चिरत होते. सुरी बाजूला ठेवून ते स्टुलावर बसले.

"घर पाहिजे," ते म्हणाले. "पण तू वाचला का तो कागद नीट? हा माझा कोणी लागत नाही, याची चूल वेगळी, माझी वेगळी. असे कागद आमच्याबद्दल बहुत लिहिले लोकांनी. कागद नसला तरी तोंडानं सांगितलं. आम्ही कोणाबद्दल नाही लिहिलं कधी. म्या तर नाहीच."

पुण्याला आमच्या घरी मागच्या खिडकीत एक कप वेगळा ठेवलेला असे. दांडा तुटलेला, आतून विसळून पालथा घातलेला. काकाजींच्या समाजातला कुणी कामाला आला की चहा त्या कपात. मी तो कप लहानपणी पाहिलाय, आणि तो कुणासाठी आहे हे न विचारता मला माहीत होतं. त्या घरातून उठून आलेला मी, गेले दहा दिवस या माणसाच्या मागे लागलो होतो की माझी भांडी वेगळी करा आणि तसं लिहून द्या. मला लाज वाटली. काकाजींना हे सांगायचं होतं, पण माझ्या तोंडून एवढंच निघालं की पुन्हा एकदा त्या बाईंकडे जाऊ.

मंगळवार हा शेवटचा दिवस होता. काकाजींनी बाईंना सगळं सांगितलं, म्हणजे कपाचं नाही, ते त्यांना ठाऊक नव्हतं, शीलाचं सांगितलं. खोटं लिहू शकत नाही म्हणाले. बाईंनी थोडा विचार केला.

"कायदा फक्त दोनच गोष्टी विचारतो, रक्ताचं नातं आणि लग्नाचं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता ते तिसरं आहे. त्याला आमच्याकडे रकानाच नाही. जे कुणी विचारलं नाही ते लिहिलं नाही, तर त्याला खोटं म्हणत नाहीत."

काकाजींनी तो कागद पुन्हा वाचला, बोट ठेवून, एकेक शब्द. "रक्ताचं ना लग्नाचं," ते मराठीत पुटपुटले. "गेनाऊ, बरोबर. तेवढंच लिहिलंय इथं." आणि सही केली. सही करताना आडनावातलं एक अक्षर ओळीखाली उतरलं. बाईंनी शिक्का मारून आम्हाला पोच दिली.

पण कागदावरची दुसरी ओळ उरलीच होती: स्वयंपाक वेगळा. काकाजींचं शील हे असं की लिहिलं तर ते खरं असलंच पाहिजे, त्यात फसवाफसवी नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी फ्रिजच्या मधल्या फळीवर चिकटपट्टी लावली, वर आपटे, खाली काकाजी. माझं मीठ शोधून काढलं. किटली धुऊन पुसून माझ्या खोलीत आणून ठेवली. ते सात वाजता जेवत, मी आठ वाजता पाव आणि चीज खात असे. कढईतल्या फोडणीचा वास माझ्या खोलीत बिनपरवाना यायचा, त्याला कुठलाच कायदा लागू नव्हता. एकदा ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले की तिखट जास्त झालं का हे पाहायला माणूस नाही. मी उठायला लागलो, तशी ते घाईघाईने परत गेले. पुढे खरोखरच दोन माणसं तपासणीला आली. सौम्य होती. त्यांनी फ्रिज उघडला, कपाटं पाहिली, मला करार विचारला. काकाजी भिंतीला टेकून उभे होते. त्यातल्या एकाने विचारलं, हे कोण? काकाजींनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "हेर आपटे. भाडेकरू." आवाज बरोबर होता, वाक्य बरोबर होतं, मीच पाठ करून घेतलं होतं. आलेल्यांना चहा विचारायची त्यांना इच्छा झाली असावी, पण कुणाच्या किटलीतला, या विचाराने ते अडले आणि त्यांच्या घरून पहिल्यांदाच पाहुणे कोरडे गेले.

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. घर राहिलं. काकाजींनी ते पत्र वहिनीला, मामाला, साडूला आणि आत्यांना वाचून दाखवलं. त्या रात्री मी आनंदाने झोपलो. पण चिकटपट्टी काही निघाली नाही. मी एकदा म्हटलं, आता कोण बघतंय? ते म्हणाले, लिहून दिलंय. मला ते आता 'तू' कमी आणि 'तुम्ही' जास्त म्हणायला लागले होते. पुढच्या वर्षी माझं संशोधन संपलं, गेर्लिंगेनला नोकरी मिळाली आणि मी दक्षिणेत आलो. खोली रिकामी राहू नये म्हणून मीच जाहिरात लिहून दिली, कारण भाडेकरू नाही तर पुन्हा ते पहिलं पत्र.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. जय भीम झालं, हवापाण्याचं झालं. नवा भाडेकरू येऊन पाच आठवडे झाले म्हणाले, शिकायला आलाय, गुपचूप असतो. "आल्झो, तर त्याचाही कागद देऊन आलो. सूनबाई म्हणाली, या वेळेस लवकर आले. एका दमात सही केली. अक्षर नाही उतरलं आता ओळीखाली." त्यांच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. मी शाबास म्हटलं. मग सहज विचारलं, नाव काय त्याचं?

"थांब," काकाजी म्हणाले. "कागदावर आहे. पाहून सांगतो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चपला पॅसेजमध्ये फटफटत गेल्या. कुठलंही पत्र आलेलं नव्हतं, कुठली मुदत संपत नव्हती, तरीही मी पूर्वीसारखा उठून खिडकीशी गेलो. मी फोनमध्ये मोठ्याने हाका मारल्या, तेव्हा ते परत आले. मी म्हटलं, काकाजी, कागद राहू द्या. त्याच्या दारावर टकटक करा आणि त्यालाच विचारा.

"आता?"

"आताच."

ते फोन ठेवायचा विसरले. मला टकटक ऐकू आली, मग दार उघडल्याचं, मग त्यांची ती नागपुरी चालीची जर्मन. पलीकडून एक बारीक, बुजरा आवाज काहीतरी सांगत होता. मग काकाजींनी आणखी काही विचारलं, तो हसला, आणि दोघं बोलतच राहिले. काय बोलत होते ते इतक्या लांबून कळलं नाही. पुढचा फॉर्म सहा महिन्यांनी येणार होता आणि मला त्याची आतापासून धास्ती वाटत होती. तरी मी फोन बंद केला नाही, तसाच कानाला लावून बराच वेळ बसून राहिलो.